एकशे चौदा नंबरचा दगड

खमैस बिन सालहला कशाचंच काही वाटत नाही, असं टेकडीखालच्या नव्या गावात सगळे म्हणत, आणि खुद्द खमैसचंही त्याबद्दल फारसं दुमत नव्हतं. वय त्रेसष्ट. छत्तीस वर्षं तो टेकडीवरच्या रोमन नगराची राखण करत होता. गावकरी त्या नगराला नुसतं हन्शीर म्हणायचे. जिथे जुने दगड पडलेत ते सगळं त्यांच्या लेखी हन्शीरच. सकाळी सातला फाटक उघडायचं, संध्याकाळी पाचला लावायचं, मधल्या वेळात चकरा मारायच्या. कुणी खांबावर चढलं की शिट्टी फुंकायची. कुणी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभं राहून गायला लागलं की निमूट ऐकून घ्यायचं. येणाऱ्या दहांतला एक जण तिथे गातोच, आणि ही कल्पना जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचली, असं त्यातल्या प्रत्येकाला वाटतं.

खमैसचा जन्म याच दगडांत झाला. तेव्हा वर तीसेक घरं होती. त्यांच्या घराची एक भिंत देवळाची, तीन बापाने मातीत बांधलेल्या, आणि उंबऱ्याला कुठल्याशा रोमन अधिकाऱ्याच्या पुतळ्याचा चौथरा. शेळ्या बाजारपेठेत बांधलेल्या असत. ज्या फरसबंदीवर आता पाहुणे कौतुकाने वाकून बघतात, तिच्यावर खमैसची आई मिरच्या वाळत घालायची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मग पुरातत्त्व खात्याची माणसं आली, त्यांना वावगं वाटलं, आणि दोन महिन्यांत सगळं गाव खाली सिमेंटच्या घरांत नेऊन बसवलं. वरची घरं पाडली, रोमन भिंती तेवढ्या ठेवल्या.

गाव हलण्याच्या दोन वर्षं आधी खमैसची मुलगी गेली. तिचं नाव वरीदा. चार वर्षांची होती. आधी गोवर, मग ताप, मग एका पहाटे श्वास थांबला. फेब्रुवारीचा महिना होता, ओढ्याला पूर आलेला, आणि कबरस्तान ओढ्यापलीकडे. चार दिवस पाणी उतरेना. शेवटी घरामागे, जुन्या रोमन हमामच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या, भिंतीला लागून, खमैसने स्वतःच खणलं. इमाम पलीकडच्या काठावर उभा राहून नमाज पढला. पाण्याच्या आवाजात त्याचं निम्मं ऐकूच आलं नाही.

उशाला दगड हवा होता. दगडावर चार अक्षरं हवी होती. कोरणारा माणूसही ओढ्यापलीकडेच. खमैस तेव्हा पंचविशीचा होता, आणि अक्षर म्हणाल तर कुठल्याच भाषेतलं त्याला येत नव्हतं. हमामच्या ढिगात त्याला गुडघाभर उंचीचा एक दगड सापडला. वरचा एक कोपरा उडालेला, मधोमध चंद्रकोर, खाली तीन ओळी अक्षरं. चंद्रकोर आहे म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी असणार. आणि अक्षरं ती अक्षरं. दगडावर कोरायचे कष्ट घेऊन कोणी वाईट कशाला लिहील? त्याने तो दगड पाठीवर आणला, रोवला, आणि बायकोला, शल्बियाला, म्हणाला, "चांगलं काहीतरी लिहिलंय."

त्यानंतर या विषयावर त्याने तोंडातून ब्र काढला नाही. रडलाही नाही. आपल्याला रडू येईल म्हणून तो काही दिवस वाट बघत राहिला, मग शेळ्या सुटल्या, भिंत कोसळली, पुढे दोन मुलगे झाले, गाव हललं, आणि ते राहूनच गेलं.

शल्बियाचं वेगळं. ईदच्या सकाळी खालच्या गावातल्या बायका कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतात, पक्ष्यांसाठी पाणी ठेवतात. शल्बिया सासूसासऱ्यांच्या कबरी उरकायची आणि उरलेला चुना घेऊन एकटीच टेकडी चढायची. अडतीस वर्षांत एकही ईद तिने चुकवली नाही. चुना खमैसच आणून द्यायचा, तोही अगदी न सांगता. बरोबर मात्र तो एकदाही गेला नाही. रोजच्या चकरेतसुद्धा हमामच्या मागची ती बोळ त्याने कायम टाळली. तिथे निवडुंग माजला, तो त्याने माजू दिला.

हे खात्यापासून गुपित ठेवायला कारण होतं. गाव हललं त्या वर्षी वरच्या आवारात दोन जुन्या कबरी निघाल्या होत्या. खात्याच्या मजुरांनी हाडं गोणीत भरून खाली आणली आणि रीतसर पुरली. रीतसर असलं तरी गोणी ती गोणीच, आणि तिच्यावर खताच्या कंपनीचं नाव होतं. शल्बियाने ती गोणी डोळ्यांनी पाहिली होती. "माझ्या पोरीला असल्या गोणीत घालू देणार नाही मी," असं ती म्हणाली होती, आणि खमैसने मान हलवली होती. शिवाय रोमन दगड उचलून वापरला हे कळलं असतं तर राखणदाराची नोकरीही गेली असती. चुलतभावाने तीनदा समुद्रापलीकडे पालेर्मोला कामाला बोलावलं, खमैस गेला नाही. गाव म्हणालं, आळशी आहे. कारण विचारलं तर तो म्हणायचा, इथे पगार बरा मिळतो. पगार काही बरा नव्हता.

ऑक्टोबरच्या एका सकाळी राजधानीहून डॉक्टर नायला आल्या. या औषधाच्या डॉक्टर नव्हेत, दगडांवरची अक्षरं वाचणाऱ्या. पन्नाशीच्या, जाड बुटांच्या, दोन विद्यार्थिनी आणि एक छोटा ट्रक घेऊन आलेल्या. अक्षरं असलेले सगळे सुटे दगड चोरीला जायच्या आत संग्रहालयाच्या कोठारात न्यायचे, असा हुकूम होता.

"सी खमैस," नावाआधी आदराचा सी लावून त्या म्हणाल्या, "यादीत एकशे चाळीस दगड आहेत. एकशे एकोणचाळीसांचा पत्ता लागलाय. एकशे चौदा नंबरचा तेवढा सापडत नाही. हा बघा."

त्यांनी एक जुना, धुरकट फोटो पुढे केला. अक्षरं काही दिसत नव्हती. दिसत होता उडालेला कोपरा आणि चंद्रकोर.

खमैसने फोटो हातात घेतला, नीट पाहिला, परत केला. "नाही पाहिला," तो म्हणाला.

"हमामच्या आसपास होता, असं नोंदलंय."

"हमाम मोठा आहे, डॉक्टर."

आपण खोटं बोललो हे त्याला कळलं, ते कुणाला तरी पावसाचा अंदाज सांगावा इतकं सहज निघालं हेही कळलं. दुसरा राखणदार मोंजी, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान आणि वीसपट बडबड्या, फाटकाशी चहा उकळत होता. तो ओरडला, "डॉक्टर, काकांना कसलं विचारताय? यांना बायकोचा फोटो दाखवलात तरी म्हणतील, नाही पाहिली!"

"तुझी पाहिलीय," खमैस म्हणाला. "म्हणूनच तू घरी जात नाहीस."

मोंजी खदखदून हसला. खमैस हसला नाही. त्याचे विनोदही असे कोरडेठाक असायचे, आणि लोकांना वाटायचं तो मुद्दाम तसं करतो.

सकाळभर तो डॉक्टरांना फिरवत राहिला. आधी वरचं देऊळ, मग बाजारपेठ, मग नाट्यगृह. हमाम सोडून सगळं. प्रत्येक दगडापाशी त्या गुडघे टेकून बसायच्या, ब्रश फिरवायच्या आणि मुलींना मोठ्याने वाचून सांगायच्या. छत्तीस वर्षं त्या दगडांची राखण केली, पण त्यांच्यावर काय लिहिलंय ते खमैस पहिल्यांदाच ऐकत होता. कुणी तेलाचा व्यापारी, पासष्ट वर्षं जगला. कुणी शिपाई, पंचाहत्तर. वर्षं जगला, वर्षं जगली, प्रत्येक दगडावर तेच. माणूस किती वर्षं पुरला याचं या लोकांना भारी कौतुक. एका दगडाशी त्याच्या मनात आलं, आपल्याही दगडावर असंच काही असेल काय? त्याने तो विचार तिथेच सोडून दिला.

दुपारी तो जेवायला घरी गेला. शल्बियाने तबूनाच्या भट्टीतली गरम भाकरी, तेल आणि हरीसाची तिखट चटणी पुढे ठेवली. त्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "त्या दगडाला शोधत आलेत."

कुठला दगड, असं तिने विचारलं नाही. "मग?"

"नाही पाहिला म्हणालो."

"आणि सापडला तर?"

"दगड नेतील. खाली खणून बघतील, नाही तर नाही बघणार. मला काय माहीत?"

"तुला कधी काय माहीत असतं?" शल्बिया म्हणाली. "खा."

त्याने खाल्लं. ती उठली, मिठात घालायला आणलेल्या हिरव्या ऑलिव्हची बादली उचलली, दुसऱ्या हातात फोडायचा गोटा घेतला आणि दाराबाहेर पडली. तिचे गुडघे गेलेले. ईदखेरीज ती टेकडी चढत नसे. कुठे चाललीस, असं खमैसने विचारायला हवं होतं. त्याने भाकरीचा उरलेला तुकडा तेलात बुडवला.

शल्बियाचा बेत साधा होता. निवडुंगाच्या फटीतून आत शिरायचं, दगडाला पाठ लावून बसायचं आणि गाडी जाईपर्यंत उठायचं नाही. कामाला बसलेल्या म्हातारीकडे कोण बघतो? बेत वाईट नव्हता. फक्त हातांना सवय वाईट. समोर ऑलिव्हची बादली असताना रिकामं बसणं त्या गावातल्या कुठल्याच बाईला जमलेलं नाही. ती एकेक ऑलिव्ह दगडी पाटीवर ठेवून फोडायला लागली. टक्. टक्. टक्. उघड्या टेकडीवर तो आवाज बाजारपेठेपर्यंत पोचला. निवडुंगाआड कुणी बसलंय हे एरवी सात जन्मांत कुणाला कळलं नसतं.

"हा ठोकण्याचा आवाज कसला?" डॉक्टर नायलांनी विचारलं. दगडांवर कुणी ठोकतंय म्हटल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला असणार. त्या आवाजाच्या दिशेने तडक निघाल्या. मागे मुली, त्यांच्या मागे जेवून परतलेला खमैस. छत्तीस वर्षं टाळलेल्या बोळीत तो असा लोकांच्या मागून शिरला. निवडुंगाने त्याची बाही फाटली.

शल्बिया दगडाला टेकून बसली होती. तिच्या पाठीमागून पांढरा कोपरा डोकावत होता.

"खाला," डॉक्टर मावशीला म्हणावं तसं म्हणाल्या, "जरा उठता का?"

"पाय दुखतात, पोरी."

"मी हात देते."

"हात नको. पाय दुखतात. तू तुझं काम कर, मी माझं करते."

"माझं काम तुमच्या पाठीमागे आहे, खाला."

शल्बियाने खमैसकडे पाहिलं. जन्मात एकदा तरी बोल, असं ते पाहणं होतं. डॉक्टरांनीही त्याच्याकडे पाहिलं. खमैसला दोघींचंही कळत होतं. आत मात्र काही हलत नव्हतं. आपण आणखी काही वेळ असेच उभे राहिलो तर सगळे कंटाळून निघून जातील, असं त्याला खरोखरच वाटलं.

"ऊठ, शल्बिया," तो म्हणाला.

ती उठली. बादली तिने बाजूला ठेवली, गोटा मात्र हातातच राहिला.

"हा चुना कुणी फासला?" एका मुलीने विचारलं. डॉक्टर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या, चंद्रकोरीवरून बोट फिरवलं आणि आनंदाने म्हणाल्या, "हाच! एकशे चौदा!" मग पाणी शिंपडून त्या लाकडी पट्टीने चुना खरवडायला लागल्या. तो पापुद्र्या-पापुद्र्याने निघत होता. एकेका ईदचा एकेक पापुद्रा. शल्बिया ते पडताना बघत होती. अक्षरं निघाली, सावकाश, एक ओळ, दुसरी ओळ.

"लिहून घे," डॉक्टर मुलीला म्हणाल्या. "मृतांच्या देवांना अर्पण. दोनाता. सद्गुणी बाई. एक्याऐंशी वर्षं जगली. तिला इथे ठेवलं आहे."

"किती?" शल्बियाने विचारलं.

"एक्याऐंशी, खाला. हे बघा, हे पन्नास, या तीन फुल्या म्हणजे तीस, आणि ही रेघ म्हणजे एक. चांगली म्हातारी होऊन गेली."

शल्बिया नवऱ्याकडे वळली. "ए माणसा, तू म्हणालास चांगलं काहीतरी लिहिलंय."

"चांगलंच आहे की," खमैस म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "एक्याऐंशी वर्षं. वाईट काय आहे त्यात?"

"म्हणजे इतकी वर्षं मी कुणाच्या तरी म्हातारीला चुना लावत आलेय! आणि माझी पोरगी खाली नुसतीच पडलीय, बिननावाची!"

डॉक्टरांची पट्टी थांबली. त्यांनी शल्बियाकडे पाहिलं, खमैसकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांखालच्या जमिनीकडे. त्या घाईने उठल्या आणि मागे सरकल्या. मुलींनाही त्यांनी हाताने मागे लोटलं.

मग डॉक्टर म्हणाल्या, "सी खमैस, दगड सापडला नाही असं मला लिहिता येणार नाही. सापडलाय. तो मी नेणार. पण माझं काम दगडांचं आहे. जमिनीखालचं मी काही बघितलेलं नाही, आणि या मुलींनीही नाही."

मुलींनी माना डोलावल्या. त्यातली एक रडत होती. आपल्या मुलीसाठी एक परकी पोर रडतेय, आणि आपण फाटकी बाही न्याहाळतोय, हे खमैसच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःची लाज वाटली. काही वाटलं असं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच झालं.

"न्या," तो म्हणाला. "त्या म्हातारीचा आहे तो. मीच उचलून आणला होता."

"आणि मी ईदला कुठे यायचं?" शल्बिया कडाडली. "निवडुंगाला चुना लावायचा?"

"जागा मला माहीत आहे."

"तुला? तू कधी पाऊल टाकलंस इथे?"

"नाही टाकलं," खमैस म्हणाला. "पण माहीत आहे. भिंतीच्या कोपऱ्यापासून नऊ पावलं. खणलं तेव्हाच मोजली होती, आणि तिथे पाय पडू नये म्हणून रोज लांबून गेलोय. यापुढे मी येईन तुझ्याबरोबर."

शल्बियाने हातातला गोटा खाली ठेवला.

पहार त्यानेच आणली. तसल्या दगडाला कुठे तरफ लावायची हे त्या टेकडीवर त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्याने मुलींना कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही ते बोटाने दाखवलं, पहार घातली, जोर केला. दगड सुटला, आडवा झाला. खाली फिकट, कोरडी माती होती. अडतीस वर्षांत तिच्यावर पाऊस पडला नव्हता. शल्बिया गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसली आणि तिने त्या मातीवर तळहात ठेवला.

"नाव काय होतं तिचं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

शल्बियाला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. ती खमैसकडे बघत राहिली.

खमैसने तोंड उघडलं. इतर कुठलाही शब्द येतो तसा हाही येईल असं त्याला वाटलं होतं. पण ते नाव त्याने कधी साध्या आवाजात घेतलंच नव्हतं. पोरगी दिवसभर दगडांत हुंदडायची, घरात सापडायची नाही, आणि तो उंबऱ्यात उभा राहून तिला हाका मारायचा. त्या नावाला बाहेर यायची तेवढी एकच वाट ठाऊक होती.

"वरीदाऽऽ!"

आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. देवळाच्या भिंतीवर आपटून तो परत आला. त्याने पुन्हा हाक मारली. आणखी एकदा मारली. पहार हातातून गळून पडली, आणि तो उभ्याउभ्याच, मोठ्याने, लाज सोडून रडायला लागला.

फाटकापाशी मोंजीने हाका ऐकल्या. पाहुण्यांचं पोर दगडांत हरवलं की राखणदार एकमेकांना अशाच हाका देतात. तो चहा तसाच टाकून, शिट्टी फुंकत, धापा टाकत बोळीत येऊन पोचला.

"काका, कोण हरवलंय? केवढी आहे पोरगी?"

"चार वर्षांची," खमैस म्हणाला. "माझी आहे."